पडदा शाबूत, तरी ऐकू कमी? आतल्या कानाबाबत या चुका टाळा

ऐकू कमी येऊ लागलं की बहुतेकांच्या मनात दोनच शंका येतात: कानात मळ साठला असेल, नाहीतर पडद्याला काही झालं असेल. मळ काढून झाला आणि पडदा शाबूत असल्याचं कळलं की विषय तिथेच संपतो. पण पडदा फक्त थरथरतो. त्या थरथरीचं ऐकण्यात रूपांतर होतं ते पार आत, कवटीच्या अतिशय टणक हाडात दडलेल्या आतल्या कानातल्या कॉक्लियात. खाली दिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका हा भाग हिशेबात न धरल्यामुळे होतात.

पडदा ठीक म्हणजे कान ठीक, असं मानणं

कॉक्लिया म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली, सुमारे अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर ती जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. आत द्रव भरलेला असतो. हवेतून आलेला आवाज थेट द्रवावर आदळला, तर त्यातला बहुतेक परत फिरेल. म्हणून मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं आहेत. पडद्यावर पसरलेला जोर ती सुमारे १७ पट लहान असलेल्या अंडाकृती खिडकीवर एकवटतात. रिकीब आत सरकते, द्रव ढकलला जातो, दुसऱ्या टोकाची गोल खिडकी बाहेर फुगते आणि मधलं बॅसिलर पटल लाटेसारखं हलतं. या पटलावर केशपेशी असतात. त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म तंतू वाकले की पेशीत पोटॅशियम शिरतं आणि चेतातंतूंकडे संदेश जातो.

म्हणजे पडद्यापर्यंत सगळं उत्तम असूनही माणसाला ऐकू न येणं शक्य आहे. कानात डोकावून हे दिसत नाही. त्यासाठी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची पातळी मोजणारी चाचणीच करावी लागते.

आवाज वाढवला की शब्द कळतील, अशी अपेक्षा

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण तिच्यामुळे घरातली वयस्कर माणसं बोलणंच सोडून देतात. बॅसिलर पटल सुरुवातीला अरुंद आणि ताठ असतं, टोकाला रुंद आणि लवचीक. त्यामुळे उंच पट्टीचे आवाज सुरुवातीच्या भागाला हलवतात आणि खर्जातले टोकाशी पोचतात. पटलावरून जाणाऱ्या या लाटेचा शोध घेणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. वाढतं वय आणि गोंगाट यांचा मार आधी बसतो तो सुरुवातीच्या भागाला. स, श यांसारखी व्यंजनं मुख्यतः उंच पट्टीत असतात, स्वरांचा भर खालच्या पट्टीत. मग स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. ‘आवाज येतो, पण काय म्हणालास ते कळलं नाही’ ही तक्रार इथून निघते.

आपण मग ओरडतो, आणि समोरून येतं, ‘अरे, ओरडतोस कशाला?’ त्यात विक्षिप्तपणा काही नाही. एका कानात सुमारे १२,००० बाह्य केशपेशी असतात. त्या स्वतः आखूड-लांब होऊन बारीक आवाज मोठा करतात. मेंदूला संदेश पाठवण्याचं मुख्य काम असतं सुमारे ३,५०० आंतर केशपेशींचं. बाह्य पेशी गेल्या की बारीक आवाज हरवतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. जेमतेम ऐकू येणं आणि असह्य होणं यांच्या मधली जागा फार अरुंद होते.

तेव्हा ओरडू नका. टीव्ही बंद करा, समोर येऊन, चेहरा दिसेल असं, थोडं सावकाश बोला. श्रवणयंत्रही ‘अजून थोडं कमी होऊ दे’ म्हणून लांबवू नये. ते उरलेल्या केशपेशींच्या भरवशावर चालतं. त्या फारच कमी उरल्या, तर त्यांना वगळून थेट श्रवणचेतेला विद्युत संदेश देणारं कॉक्लियर इम्प्लांट करावं लागू शकतं.

कानातली शिट्टी थांबली म्हणजे इजा भरून आली, हा समज

मोठ्या गोंगाटानंतर कान सुन्न होतात, आत शिट्टी वाजते आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत वाटतं. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९ साली उंदरांवर दाखवलं, की अशा आघातानंतर ऐकण्याची पातळी परत आली, तरी केशपेशी आणि चेतातंतू यांच्यातले अनेक सांधे कायमचे गेले होते. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशी नव्याने उगवतात, माणसात नाही.

आकड्यांचीही गल्लत होते. ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवली जाणारी मर्यादा. ८८ झाले की वेळ ४ तासांवर येते, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ३ डेसिबलची वाढ किरकोळ वाटते, पण तेवढ्याने आवाजाची ऊर्जा दुप्पट होते.

एक कान अचानक बंद झाला, तर थेंब टाकत बसणं

पडद्याला भोक नसेल तर थेंब आतल्या कानापर्यंत पोचतच नाहीत. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं गेलं, तर तोंड मिटून गुणगुणून पाहा. आवाज बिघडलेल्या कानात मोठा वाटला तर दोष मळाचा किंवा मधल्या कानाचा असू शकतो. चांगल्या कानात मोठा वाटला तर संशय आतल्या कानाचा किंवा चेतेचा. डॉक्टर नादकाट्याने (ट्यूनिंग फोर्कने) हेच तपासतात. गुणगुणण्यावरून निदान करू नका, मात्र उत्तर काहीही आलं तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. आतल्या कानाच्या अशा बिघाडात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो, आणि दोन आठवडे उलटल्यावर बराच कमी होतो.

जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविकं आणि कर्करोगावरचं सिस्प्लाटिन ही औषधंही केशपेशींना मारक ठरू शकतात. ती मनाने थांबवू नयेत. श्रवणचाचणी केव्हा करायची ते आधीच विचारून ठेवावं.

बाळ दचकतं म्हणजे ऐकतं, असं धरून चालणं

दार आपटलं की बाळ कंपनानेही दचकतं. बाह्य केशपेशी हलताना स्वतःच अगदी क्षीण ध्वनी बाहेर टाकतात, हे संशोधक डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिलं. नवजात बाळाच्या कानात छोटं उपकरण ठेवून तोच ध्वनी टिपतात. बाळ झोपेत असतानाही ही चाचणी होते. ती ठीक आली, तरी दोष पुढे चेतेत असू शकतो. म्हणून नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची मेंदूपर्यंतचा संदेश तपासणारी बेरा चाचणीही करून घ्यावी. ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक धरा.