वाऱ्यात चुलीचा धूर घरात फिरतो? आधी गच्चीवर जा

ग्वाल्हेरात पौषात वायव्येकडून बोचरा वारा सुटतो आणि लष्कर भागातल्या आमच्या घरात चूल धुमसायला लागते. अंघोळीचं पाणी आणि संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या आमच्याकडे अजून चुलीवरच होतात, म्हणून हे सगळं करून पाहिलंय.

धुराड्यातली हवा तापली की हलकी होऊन वर चढते आणि चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. नळी गार असेल तर थंड हवेचं बूचच बसतं. म्हणून आधी वर्तमानपत्राचा बोळा पेटवून नळीच्या खालच्या तोंडाशी धरा. क्षणभर धूर अंगावर येतो, मग ज्योत एकदम आत वळते आणि घुं घुं आवाज येतो. तो आला की बोटभर जाडीच्या, खडखडीत वाळलेल्या ढलप्या लावा. सुरुवातीला जाळ मोठाच हवा.

तरीही वाऱ्याच्या प्रत्येक झोताला धूर भपकन बाहेर येत असेल, तर सरपणाला दोष देऊ नका. आम्ही दोन हिवाळे लाकडं बदलत बसलो. शेवटी आई म्हणाली, "अरे, वर टाकी बसवल्यापासूनच हे सुरू झालंय ना?" तेच होतं. नळीला खेटून पाण्याची टाकी होती. वारा तिच्यावरून उडी मारून थेट नळीत उतरायचा. नळी वाढवली आणि त्रास गेला.

नळीचं तोंड गच्चीपासून निदान 3 फूट वर आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल, टाकी, कठडा, जिन्याची खोली, त्याहून 2 फूट उंच हवं. वाढवलेल्या नळीला तीन बाजूंनी तारांचे ताण द्या. वर पत्र्याची टोपी लावा, पण तोंडाला चिकटवून नको, धूर कोंडतो. हिवाळ्याआधी काजळी झाडून घ्या.

घरात वाऱ्याच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. उलट बाजूची उघडलीत तर घरातली हवा तिकडून खेचली जाते आणि धूर खाली येतो. एक्झॉस्ट फॅनही तेच करतो, तो बंद ठेवा.

रात्री मात्र फार जपा. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासही नसतो. नळी गार झाली की वाऱ्याचा एक झोत तो खोलीत लोटतो. झोपण्यापूर्वी निखारे पत्र्याच्या डब्यात काढून, झाकण लावून अंगणात ठेवा.