पुळणीच्या जमिनीत माड लावताना

कोकण किनाऱ्याची पुळण, म्हणजे रेताड माती, मुठीत दाबून सोडली की लगेच सुटते, गोळा धरत नाही. मुळं त्यात खोल जातात, पावसाळ्यात पाणी साचून कुजत नाहीत. म्हणून माडाला ती मानवते. पण पाण्यासोबत खतही खाली निसटतं.

दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवा. खड्ड्याच्या तळाशी सोडणांचे (नारळाच्या सालींचे) दोन थर, पोकळ बाजू वर करून रचा. ओल त्यांतच टिकते. वर शेणखत आणि माती.

पाच वर्षांच्या माडाला वर्षाला सव्वादोन किलो युरिया, दोन किलो पोटॅश. जून, ऑक्टोबर, फेब्रुवारीत समान हप्त्यांनी. एकदम घातलं तर पहिल्याच सरीत अर्धं वाया! उन्हाळ्यात पाणी थोडंथोडं, पण वरचेवर द्या.