फ्लॉप उघडताना पत्त्यांकडे नको, माणसांकडे बघा

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात फ्लॉपचे, म्हणजे सगळ्यांसाठी सामाईक असलेले पहिले 3 पत्ते उघडले की सगळ्यांच्या नजरा टेबलावर खिळतात. त्या क्षणी तुम्ही समोरच्यांकडे बघा. पत्ते नंतरही दिसणारच आहेत. एखाद्याची नजर पत्त्यांवरून झटकन स्वतःच्या चिप्सकडे (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांकडे) गेली, तर बहुधा त्याला काहीतरी लागलंय, म्हणजे त्याचे पत्ते जुळलेत. जो बराच वेळ टक लावून बसतो, त्याला बऱ्याचदा काहीच लागलेलं नसतं. आणि बेट लावताना कुणाचे हात अचानक थरथरले, तर घाबरलाय असं समजून कॉल करू नका, म्हणजे त्याच्याइतकीच रक्कम लावू नका! ती थरथर बहुतेक वेळा भारी पत्त्यांची असते. मात्र तो एरवी चिप्स कशा हाताळतो हे आधी अर्धा तास बघून ठेवा. काहींचे हात मुळातच कापतात.