पाहुण्यांसाठी जेवणाआधीच्या फळे-पनीरच्या काड्या

नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत इंदूरच्या मराठी घरांत पाहुण्यांची वर्दळ असते आणि जेवणाआधी पुढे येणाऱ्या बशीत बहुधा शेव, कचोरी किंवा समोसे असतात. अशा तळणाने भूक मरते आणि ज्या जेवणासाठी घरातल्यांनी सकाळपासून कष्ट घेतलेले असतात, ते पानात तसेच राहते. त्याऐवजी फळ आणि पनीर एका काडीवर टोचून दिल्यास तोंडाला चव येते आणि पोटही जड होत नाही.

एक लिटर मलईदार दुधाचे साधारण 200 ग्रॅम पनीर होते आणि त्यातून वीस-बावीस काड्या सहज निघतात. दूध उकळले की आच मंद करून दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडाथोडा घालावा आणि हिरवट, निवळ पाणी वेगळे दिसताच थांबावे, कारण त्यापुढे घातलेल्या आंबटपणाने पनीर रबरासारखे चिवट होते. फडक्यात गाळून त्यावर गार पाणी ओतावे, पुरचुंडी चपटी करून पाऊण तास वजनाखाली ठेवावी आणि नंतर तासभर फ्रिजमध्ये. हा तास वाचवू नये. ओलसर पनीर काडीवर टोचताना हमखास फुटते.

फळांमध्ये माझी पहिली पसंती पेरूला आहे. नुकताच पिवळसर होऊ लागलेला, पण बोटाने दाबल्यास न दबणारा पेरू घेऊन त्याचा बियांचा गर काढून टाकावा आणि उरलेल्या जाड कडेचे पनीरएवढेच चौकोनी तुकडे करावेत. सफरचंद घेतल्यास फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढाव्यात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. मात्र नंतर त्या स्वच्छ फडक्याने कोरड्या पुसाव्यात. ताजे अननस कच्चे वापरू नये. त्यातील ब्रोमेलेन हे विकर दुधातील प्रथिने तोडते आणि थोड्याच वेळात पनीर कडवट लागू लागते. किवी आणि पपईचेही तसेच. अननस हवेच असेल, तर तुकडे तव्यावर चांगले गरम करून, गार करून मग वापरावेत.

टोचताना पनीरचा चौकोन सर्वांत खाली, त्यावर पुदिन्याचे एक पान आणि वर फळ असा क्रम ठेवावा, म्हणजे काडी ताटात स्वतःच्या बुडावर उभी राहते. जिरावन, म्हणजे इंदूरकडचा चटपटीत कोरडा मसाला, अगदी वाढतेवेळीच भुरभुरावे. त्यातील काळे मीठ फळाचे पाणी ओढून घेते आणि आधीच घातल्यास ताटात पाणी सुटते. वेगळे मीठ घालण्याची गरज नाही. घाईच्या दिवशी पनीरऐवजी चीजचे क्यूब चालतात, परंतु ते मुळातच खारट असल्याने त्यावर जिरावनाऐवजी फक्त ताजी मिरपूड घालावी.

पनीर आदल्या दिवशी करून ठेवता येते, फळे मात्र पाहुणे येण्याच्या तासभर आधीच चिरावीत आणि तयार काड्या फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. लहान मुलांना काडी न देता तुकडे बशीत काढून द्यावेत आणि द्राक्षे वापरली असतील, तर ती उभी चिरूनच द्यावीत.