‘बुलोन फुसिब्ले’चं इंग्रजी: तांत्रिक अनुवादात नव्याने येणाऱ्यांसाठी

स्पॅनिश शिकून तांत्रिक अनुवादाकडे वळणाऱ्यांना मी सुरुवातीलाच एक शब्द सोडवायला देते: बुलोन फुसिब्ले. अर्जेंटिनाच्या शेतीयंत्रांच्या पुस्तिकांमध्ये तो भेटतो. शब्दकोश सांगतो, बुलोन म्हणजे बोल्ट आणि फुसिब्ले म्हणजे विजेचा फ्यूज. बहुतेक जण ‘फ्यूज बोल्ट’ लिहून पुढे जातात. त्या नावाने दुकानात मागायला गेलेल्या माणसाच्या हाती भलतंच काही पडू शकतं.

अडलं की आधी आकृती उघडा. सुट्या भागांच्या पुस्तिकेत ‘देस्पिएसे’ असतं, म्हणजे यंत्र उलगडून दाखवणारी चित्रं आणि शेजारी भागांची यादी. तिथे हा बोल्ट ट्रॅक्टरच्या पीटीओकडून (मागच्या यंत्राला इंजिनाची ताकद देणारा फिरता दांडा) येणाऱ्या शाफ्टवर दोन भाग एकमेकांना जोडताना दिसतो. यंत्राची पाती दगडात अडकली की सगळा जोर त्याच्यावर येतो आणि तो आडवा कापला जातो, गिअरबॉक्स वाचतो. म्हणजे वेळ आली की तुटायचं, हेच त्याचं काम. हे कळलं की इंग्रजी नाव समोरच असतं: शिअर बोल्ट. आपल्याकडे रोटाव्हेटर दुरुस्त करणारेही हेच म्हणतात. म्हणून जवळच्या गॅरेजवाल्याला चित्र दाखवायला अजिबात संकोच करू नका.

इथे नावाइतकाच पुढचा आकडाही जपावा लागतो. पुस्तिकेत बोल्टची ८.८ ग्रेड, म्हणजे मजबुतीचा दर्जा, सांगितली असेल, तर तिथे १०.९ चा ‘जास्त मजबूत’ बोल्ट बसवणं म्हणजे संरक्षणच काढून टाकणं: बोल्ट शाबूत राहतो आणि गिअर तुटतात. ‘त्याच ग्रेडचा आणि त्याच मापाचा’ हे शब्द अनुवादात गाळले, तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. आकडे वाचतानाही सावध राहा. अर्जेंटिना आणि स्पेनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरायची पद्धत आहे, त्यामुळे पीटीओच्या वेगापुढचं १.००० म्हणजे मिनिटाला एक हजार फेरे. मेक्सिकोत मात्र टिंब दशांशाचंच.

मजकूर कुठल्या देशाचा, हे कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. अर्जेंटिनात बुलोन म्हणजे साधा नट-बोल्टमधला बोल्ट. स्पेनमधल्या इंजिनाच्या पुस्तिकेत तोच शब्द पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनला वापरतात. त्या पिनलाही ब्रिटिश इंग्रजीत गजन पिन म्हणतात, अमेरिकन इंग्रजीत रिस्ट पिन. ‘उसियो’चंही तसंच: मशिनिंग सेंटरवर, म्हणजे धातू कापणाऱ्या स्वयंचलित यंत्रावर, तो स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा), प्लास्टिकच्या इंजेक्शन मशीनमध्ये स्क्रू.

शब्द तपासायला युरोपीय संघाचा आयएटीई हा शब्दसंग्रह चांगला आहे, पण माझा जास्त भरवसा एस्पेसनेटवर, म्हणजे युरोपियन पेटंट ऑफिसच्या शोध-संकेतस्थळावर. तिथे पेटंट मोफत वाचता येतात, आणि एकाच शोधाचं स्पॅनिश व इंग्रजी पेटंट सापडलं तर आकृतीतला भाग क्रमांक धरून दोन्हीकडचे शब्द जुळवता येतात. भागाला डीआयएन (जर्मन) किंवा आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानकाचा क्रमांक असेल तर त्याहून सोपं, कारण तो क्रमांक भाषेप्रमाणे बदलत नाही.

इतकं करूनही शंका उरली तर ग्राहकाला पत्र लिहा. ‘या शब्दाचा अर्थ काय?’ असं मोघम विचारू नका. पान, आकृती आणि भाग क्रमांक द्या, तुमचा पर्याय लिहा आणि तो भाग तिथे काय काम करतो असं तुम्हाला वाटतं, ते एका वाक्यात मांडा. कारखान्यातला इंजिनिअर अशा पत्राला दोन ओळींत नेमकं उत्तर देऊ शकतो.