कुत्र्याच्या पिल्लाचा विमा घेताना हप्त्याआधी काय पाहाल?

पिल्लू धडधाकट आहे तोवरच विमा घ्या. एकदा डॉक्टरांच्या कागदावर 'मागचा पाय किंचित लंगडतोय' असं लिहिलं गेलं, की तो आधीपासूनचा आजार ठरतो आणि त्याचा खर्च सहसा मिळत नाही. गुडघ्याच्या बाबतीत तर बऱ्याच पॉलिसी एका पायाचं दुखणं आधीचं निघालं, की दुसरा पायही वगळतात. हे कलम बारीक अक्षरांत असतं, शोधून वाचा.

प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे ज्या दिवसांत खर्च मिळत नाही ते दिवस, आजारांसाठी बहुधा १४ ते ३० दिवस असतो. सांध्यांसाठी काही ठिकाणी ६ महिने. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर खुब्याचे आनुवंशिक विकार धरले आहेत का, हे लेखी विचारा.

वजावट, म्हणजे बिलातली तुम्ही स्वतः भरायची ठरावीक रक्कम, कधी कापतात तेही पाहा. १०,००० चं बिल, २,००० वजावट, ८० टक्के भरपाई: वजावट आधी कापली तर ६,४०० मिळतात, नंतर कापली तर ६,०००. वजावट वर्षाला एकदाच की दर आजाराला वेगळी, हा फरक त्याहून महागात पडतो. लसीकरण, नसबंदी मूळ पॉलिसीत सहसा नसतंच. त्यासाठीची जोडपॉलिसी हिशेब केल्यावर क्वचितच परवडते.