दातांची तार आयुष्यात एकदाच लावायची असेल तर

मी दातांना तार दोनदा लावली. पहिल्यांदा नववीत अन् दुसऱ्यांदा २७ वर्षांची असताना, ऑफिसात सगळे विचारून राहिले होते का आता या वयात काय सुचलं म्हणून. सुचलं काही नव्हतं, पहिल्या वेळी तार काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून देतात ते रिटेनर घातलं नव्हतं एवढंच. बारावी झाली, पुण्याला होस्टेलवर गेली, त्याची डबी कपाटात कुठंतरी पडली अन् दोन वर्षांनी दिवाळीत घरी येऊन घालून पाहिलं तर ते बसेच ना. खालचे समोरचे दोन दात एकमेकांवर चढले होते. आई म्हणे अक्कलदाढ येऊन राहिली असेल, तिनंच ढकललं. मी पण सगळ्यांना तेच सांगत फिरली. नंतरच्या डॉक्टर मॅडम एक्सरे पाहून हसल्या, म्हणाल्या अक्कलदाढेवर सगळेच ढकलतात, पण तिच्यामुळे समोरचे दात वाकडे होतात असं काही सिद्ध झालेलं नाही, तुझं रिटेनर कुठाय ते सांग.

तर हे सगळं त्या अनुभवातून लिहून राहिली आहे. मी डॉक्टर नाही, तुमच्या तोंडाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी कोणाकडे जायचं ते. गल्लीतला नेहमीचा दाताचा डॉक्टर चांगला असला तरी तार लावायला ऑर्थोडॉन्टिस्ट लागतो, म्हणजे बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी घेऊन नंतर ३ वर्षांचं एमडीएस दात सरळ करायच्या विषयातच केलेला. पाटीवर नुसतं डेंटल सर्जन लिहिलं असेल तर सरळ विचारायचं, ऑर्थो कोण करणार, ते किती दिवसांनी येतात, अन् मधे तार टोचायला लागली तर कोण पाहणार. बऱ्याच क्लिनिकमधे ऑर्थोवाले महिन्यातून ठरावीक दिवशीच येतात, त्यात वाईट काही नाही पण आधी माहीत पाहिजे. आमच्या नागपुरात धरमपेठ, रामदासपेठेत क्लिनिकची रांग लागली आहे. खर्च झेपत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं, नाहीतर हिंगणा रोडला डिगडोहचं व्हीएसपीएम अन् वानाडोंगरीचं कळमेघ डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात एमडीएस करणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली तार लावतात, काम नीट होतं, पैसे बरेच कमी लागतात, फक्त अर्धा दिवस जातो. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, तुमची केस घेणारा विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला असेल तर तो मधेच पास होऊन जाईल अन् केस दुसऱ्याकडे जाईल, म्हणून पहिल्या दिवशीच तो कितव्या वर्षाला आहे ते विचारून घ्या.

तपासणीत पूर्ण जबड्याचा एक्सरे म्हणजे ओपीजी, बाजूनं काढलेला डोक्याचा एक्सरे म्हणजे सेफॅलोग्राम, फोटो अन् दातांचे साचे नाहीतर स्कॅन, एवढं होतं. हे न करता कोणी पहिल्याच दिवशी तार चिकटवायला निघालं तर तिथून उठा. मग बसून विचारायचं, दात काढावे लागतील का अन् कोणते, अंदाजे किती महिने, ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवतात तो छोटा चौकोनी तुकडा, निघालं तर परत चिकटवायचे वेगळे पैसे आहेत का, अन् सगळ्यात महत्त्वाचं, रिटेनर या पॅकेजमधे धरलं आहे का. माझ्या पहिल्या वेळी ते धरलं नव्हतं, बाबांनी कुरकुर करतच पैसे दिले होते.

चंद्रपूर, यवतमाळकडच्या गावांत लहानपण गेलं असेल अन् तिथल्या बोअरच्या पाण्यानं दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर ते आधीच दाखवा. पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडमुळे होतं ते, अन् अशा दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, डॉक्टरांना वेगळी तयारी करावी लागते. निकेलचे कानातले घातले का खाज सुटते असा कोणाला त्रास असेल तर तेही सांगायचं, तारेत निकेल असतं.

लेकरांचं म्हणाल तर सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून आणावं, तार लावायला नाही, नुसतं पाहायला. अंगठा चोखणं, तोंडानं श्वास घेणं, खालचा जबडा मागं असणं हे वाढीच्या वयात कळलं तर जबड्यावरच काम करता येतं, ती वेळ गेली का मग तारेनं फक्त दात हलवता येतात. मोठ्यांना वयाची अट नाही, हिरड्या अन् हाड धड पाहिजे. आधी किडलेले दात भरायचे, क्लीनिंग करायचं, मग तार.

आता कोणती लावायची. मेटलची सगळ्यात स्वस्त, मजबूत, अन् कोणत्याही केसला चालते. सिरॅमिक दातांच्या रंगाची असते, लांबून कमी दिसते पण जरा ठिसूळ, अन् तार ब्रॅकेटमधे धरून ठेवणारी तिच्यावरची पारदर्शक रबरं आपल्याकडे आठ दिवस टिकत नाहीत, दोन प्लेट तर्री पोहे अन् एक सावजी झालं का हळदीनं पिवळीधम्मक. ब्रॅकेट पांढरंच राहतं पण लांबून पाहणाऱ्याला वाटतं दातच पिवळे आहेत, त्यापेक्षा राखाडी रबर मागून घ्यावं. सेल्फ लायगेटिंग म्हणजे रबराऐवजी ब्रॅकेटलाच झाकण असतं, साफ करायला सोपं जातं, दात फार लवकर सरकतात असं जे सांगतात त्यावर मात्र मी पैसे लावणार नाही. आतल्या बाजूनं लावायची लिंग्वल तार कोणालाच दिसत नाही, पण जीभ सोलून निघते अन् महिनाभर बोलणं बोबडं होतं, शिवाय महाग.

अन् अलायनर, पारदर्शक कॅप. दिवसाचे २० ते २२ तास घालायचे, एक सेट आठवडा-दोन आठवडे, एकेक कॅप दाताला पाव मिलिमीटरच्या आसपासच सरकवते. काढून खाता येतं, ब्रश नेहमीसारखा करता येतो, दिसत नाही, सगळं खरं. पण हिशोब करा बाप्पा, २२ तास म्हणजे जेवण-नाश्ता-ब्रश सगळ्याला मिळून २ तास, अन् ते घालून साध्या पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, चहा तर अजिबात नाही, गरम चहानं कॅप वाकते, रंग चढतो, साखर आत अडकून राहते. ज्याला दिवसात पाच वेळा टपरीवर जायची सवय आहे तो काढणार, खिशात ठेवणार, विसरणार. काही दातांना बटणासारखे छोटे उंचवटे चिकटवतात तेही लोकांना आधी माहीत नसतं. मी दुसऱ्यांदाही मेटलच लावली, कारण मला मी माहीत आहे. जे काढता येतं ते मी हरवते. दिसण्यावर नका जाऊ, तुमच्या सवयी कोणत्या तारेला झेपतात ते पहा.

घरबसल्या साचा पाठवून कुरियरनं येणाऱ्या अलायनरच्या भानगडीत पडू नका, ज्यात डॉक्टर तुमचं तोंड एकदाही पाहत नाही. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब नावाची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मधे बंद पडली तेव्हा लोकांच्या ट्रीटमेंट अर्ध्यात लटकल्या होत्या.

पहिला आठवडा. लावताना दुखत नाही, दुखणं तीन-चार तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त अन् आठवड्यात जातं. वरण-भात, मऊ खिचडी, दही, केळं. गोळी डॉक्टरांना विचारून, बहुतेक पॅरासिटामॉलच सांगतात. गाल आतून सोलतात, त्याला वॅक्स मिळतं, ब्रॅकेट रुमालानं कोरडं करून वाटाण्याएवढी गोळी दाबून बसवायची, ओल्यावर चिकटत नाही. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चारदा गुळण्या. दात जरा हललेले वाटतात, त्यानं घाबरू नका, ते हलायलाच तर लावले आहेत.

साफसफाईत खरी मेहनत आहे. तारेत अन्न अडकून राहिलं का ब्रॅकेटच्या भोवती दातावर पांढरे खडूसारखे डाग पडतात, कॅल्शियम निघून गेल्याचे, अन् तार काढल्यावर दात सरळ पण मधोमध चौकोन उमटलेला, असं मी माझ्या मावसभावाचं पाहिलं आहे. ते डाग बहुतेक वेळा पूर्ण जात नाहीत. म्हणून प्रत्येक खाण्यानंतर निदान खळखळून चूळ, अन् दोनदा नीट ब्रश. ऑर्थोचा ब्रश मिळतो, मधले केस आखूड असलेला, तो आधी ब्रॅकेटच्या वरून हिरडीकडे तिरपा धरायचा, मग खालून, मग चावायची बाजू अन् आतून. नंतर तारेखालून घालायचा तो बारीक, बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश, प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मधे. रात्री याला दहा मिनिटं लागतात, पाच मिनिटांत होतं म्हणणारा खोटं बोलतो. पेस्ट फ्लोराइडची, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं पहा, अन् थुंकल्यावर खूप चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड राहू द्या. संत्री खाल्ली, लिंबू सरबत प्यायलं का लगेच ब्रश नाही, अर्धा तास थांबा, आंबटानं दाताचा वरचा थर तेवढा वेळ नरम असतो.

खायचं काय नाही ते सगळे सांगतात, मी आपलं इकडचं सांगते. फुटाळा तलावावरचा भुट्टा दातानं तोडायचा नाही, घरी दाणे सोलून खा. ऊस, बोरं, फुटाणे, चिक्की, सावजीतली नळी चोखणं, ग्लासातला बर्फ कडाकडा खाणं, हे बंद. पेरू, गाजर, सफरचंद कापून मागच्या दातांनी. संत्र्याची फोड चालते, तिचे दोरे तारेत अडकतात तेवढे काढायचे. अन् खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटलेला. कॉलेजची पोरं तारेवरही खाऊन राहिली आहेत, सुपारीनं ब्रॅकेट निघतं, दात काळे होतात अन् तंबाखूनं हिरड्यांचं अन् तोंडाचं जे होतं ते मी सांगायची गरज नाही.

ब्रॅकेट निघालं अन् तारेवर फिरत असेल तर वॅक्सनं दाबून ठेवा, दोन दिवसांत फोन करा, पुढची तारीख महिन्यानं आहे म्हणून वाट पाहू नका, तो दात तेवढ्यात मागं जातो. मागची वायर गालाला टोचत असेल तर पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ रबरानं हळूच दाबून आत वळवता येते. गिळलं गेलं तर बहुतेक वेळा पोटातून निघून जातं, पण खोकला सुटला, श्वास अडकला तर सरळ हॉस्पिटल. चार ते सहा आठवड्यांची तारीख चुकवू नका, माझी लग्नसराईत दोनदा चुकली अन् तेवढं काम लांबलं. दीड-दोन वर्ष साधारण लागतातच.

मग तार निघते, जीभ दिवसभर दातांवरून फिरते, घरचे पेढे आणतात. अन् इथंच मी पहिल्यांदा फसली.

दात हाडात काही सिमेंटनं बसवलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं, वायरनं दाब दिला का पुढच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवीन भरतं, दात असा इंच-इंच नाही तर केसाकेसानं सरकतो. तार निघाली तेव्हा ते हाड कच्चं असतं अन् हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे मागं ओढत असतात, त्यांना नवीन जागा मानवायला वर्षभर लागू शकतं. वळलेला दात सरळ केला असेल तर तो सगळ्यात आधी परत वळायला पाहतो. वय वाढलं का खालचे समोरचे दात गर्दी करतातच, ज्यांनी कधी तार पाहिली नाही त्यांचेही. म्हणून रिटेनर आधी काही महिने दिवस-रात्र, डॉक्टर सांगतील तेवढे, अन् मग रोज रात्री, कायम. कधीपर्यंत असं मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, जोपर्यंत दात सरळ पाहिजेत तोपर्यंत.

रिटेनरचे तीन प्रकार दिसतात. प्लास्टिकची टाळूवरची अन् समोरून तारेची, ती हॉली, टिकाऊ पण दिसते. पारदर्शक कॅप, दिसत नाही पण दात खाणाऱ्या माणसाची झिजून फुटते. अन् आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक वायर, जी विसरता येत नाही, म्हणून मी खालच्या दातांना ती घेतली अन् वर कॅप. चिकटवलेल्या वायरखाली टार्टर म्हणजे कडक झालेला थर जमतो, तिथं सुपरफ्लॉस म्हणजे दात साफ करायचा दोरा घालावा लागतो अन् सहा महिन्यांनी क्लीनिंग. एका बाजूनं सुटली तर कळत नाही, म्हणून अधूनमधून जिभेनं, नखानं चाचपून पाहायची.

कॅप थंड पाण्यानं, मऊ ब्रशनं, थेंबभर साध्या साबणानं धुवायची, पेस्टनं ओरखडे पडतात. गरम पाणी चुकूनही नाही. अन् नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना डबी कारच्या डॅशबोर्डवर किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवायची नाही, माझी एक कॅप सीताबर्डीच्या पार्किंगमधे दोन तासांत अशी वाकडी झाली का तोंडातच बसेना. लग्नात, हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवायची नाही, वेटर उचलून नेतो. भडक रंगाची डबी घ्या अन् एक उशीशी, एक पर्समधे. घरी कुत्रा असेल तर डबीचं झाकण घट्ट लागतं का ते पण पहा, त्यांना त्या वासाचं फार आकर्षण.

रिटेनर घालताना घट्ट वाटलं तर समजायचं का दात सरकून राहिले आहेत, तेव्हा जास्त तास घाला. बसतच नसेल तर जोर लावू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. हरवलं, फुटलं तरी तसंच, कारण लवकर गेलात तर नवीन कॅपवरच भागतं. अन् तार काढायच्या दिवशी शेवटचा साचा किंवा स्कॅनची फाइल मागून घ्या, क्लिनिक बदललं, गाव बदललं तरी त्यावरून दुसरी कॅप बनवता येते. माझी फाइल पेनड्राइव्हमधे आहे अन् एक आईच्या मोबाइलमधे, कारण मला मी माहीत आहे.